नाव न लावणारा दिग्दर्शक

आमचं गाव शिरढोण, पनवेलच्या पुढे गोव्याच्या रस्त्यावर. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. ते १८८३ साली एडनच्या तुरुंगात गेले, आज गावात त्यांचं स्मारक आहे. माणसाची किंमत उशिरा कळते, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. पण ते खऱ्या अर्थाने उमगलं होस्टेलवर. तिसऱ्या सेमचा निकाल लागला होता, दोन केटी होत्या, जेवायलाही गेलो नव्हतो. रूम पार्टनरने कॉम्प्युटरवर गुरुदत्तचा 'कागज के फूल' लावला.

गुरुदत्त पदुकोण जन्मला १९२५ साली बंगळुरूला, वाढला कोलकात्यात. उदय शंकर यांच्याकडे नाच शिकला, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली आणि १९४४ मध्ये पुण्याला प्रभात कंपनीत आला. तिथे देव आनंदशी दोस्ती जमली. ज्याला आधी संधी मिळेल त्याने दुसऱ्याला हात द्यायचा, असं ठरलं. देवने शब्द पाळला आणि १९५१ ला 'बाजी' आला. मग १९५७ चा 'प्यासा'. पठ्ठ्या शिखरावर होता!

तिथून त्याने उतरणीची गोष्ट सांगायला घेतली. सुरेश सिन्हा हा नामवंत दिग्दर्शक. संसार मोडतो, मुलगी दुरावते, दारू लागते, आणि शेवटी तो रिकाम्या स्टुडिओत दिग्दर्शकाच्याच खुर्चीत मरतो. हा आपला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. यात लेन्स रुंद दृश्य दाबून फिल्मवर बसवते आणि प्रोजेक्टरची लेन्स ते पुन्हा पसरवते. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी तर मोठ्या आरशांनी बाहेरचं ऊन स्टुडिओत आणलं. धुरातून उतरणारा तो प्रकाशझोत पाहून ऑप्टिक्सचा अख्खा चॅप्टर डोक्यात शिरला, जो लेक्चरला कधी शिरला नव्हता.

१९५९ मध्ये चित्रपट लागला आणि साफ आपटला. प्रेक्षकांना इतकं उदास काही नको होतं. मूर्तींना फिल्मफेअर मिळालं, पण गुरुदत्त खचला. १९६० च्या 'चौदहवीं का चाँद'ने पैसा दिला, १९६२ च्या 'साहिब बीबी और गुलाम'ने मान दिला. पण दिग्दर्शक म्हणून त्याने पुन्हा कधीच स्वतःचं नाव लावलं नाही. १० ऑक्टोबर १९६४ ला तो गेला. वय अवघं ३९.

पुढे त्याच चित्रपटाला लोकांनी डोक्यावर घेतलं. मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. हा निकाल बघायला गुरुदत्त नव्हता. मला वाटतं, पेपर त्याने चांगलाच लिहिला होता, तपासणाऱ्यांना वेळ लागला. माझं तसं नव्हतं. माझे पेपर खरंच वाईट गेले होते. पण एक गोष्ट त्या रात्री ठरली. अपयश आलं म्हणून आपलं नाव पुसायचं नाही.

सकाळी केटीचा फॉर्म भरला. नाव ठळक अक्षरात लिहिलं.