ल्युसीबाईंची गोळी

मैत्रिणींनो, परवा आमच्या भागातल्या एका गरोदर मुलीकडे गेले होते. दवाखान्यातून मिळालेल्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या फडताळात तशाच पडलेल्या. मळमळतं म्हणून ती घेत नव्हती. आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं, असा सासूबाईंचा सूर. मग मी दोघींना एका परदेशी बाईंची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगते.

ल्युसी विल्स यांचा जन्म १८८८ सालचा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. डॉक्टर झाल्या १९२० साली, वयाच्या बत्तिशीत. लग्न केलं नाही. डोंगर चढायची आणि सायकलची भारी आवड.

१९२८ साली त्या मुंबईत आल्या. इथे गिरणीत काम करणाऱ्या गरीब बाया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडायच्या, कित्येकजणी दगावायच्या. हाफकिन संस्थेत राहून ल्युसीबाईंनी या पंडुरोगाचा शोध सुरू केला. त्या नुसतं रक्त तपासून थांबल्या नाहीत. या बाया राहतात कशा, त्यांच्या ताटात काय असतं, हेही त्यांनी पाहिलं. ज्यांच्या खाण्यात भाज्या, फळं, दूध फार कमी, त्यांनाच हा आजार जास्त होता.

मग त्यांनी तसलाच निकृष्ट आहार प्राण्यांना देऊन पाहिला. प्राणीही तसेच आजारी पडले. त्यातल्या एका माकडाला मार्माइट दिलं आणि ते झपाट्यानं सुधारलं. मार्माइट म्हणजे बिअर बनवल्यावर उरलेल्या यीस्टचा अर्क, अगदी स्वस्तातली वस्तू. आजारी बायांनाही त्यानं गुण आला. १९३१ साली ल्युसीबाईंनी हे जगापुढे मांडलं. त्या अर्कातल्या अनोळखी घटकाला पुढे लोक 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ साली तोच घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. ल्युसीबाई १९६४ साली वारल्या.

आता खरी गंमत पुढेच आहे. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात. घरातल्या दिव्यांसारखी ती सगळी एकाच वेळी चालू नसतात. काही चालू, काही बंद. ही बटणं चालू-बंद करायच्या कामात मेथिल नावाच्या चिमुकल्या खुणांचा मोठा वाटा असतो. त्या खुणांसाठी लागणारं सामान पुरवायला फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मदत करतात. २००३ साली अमेरिकेत गाभण उंदरांना हे दोन्ही आणि असेच आणखी काही घटक जादा दिले. एरवी पिवळ्या रंगाची, पुढे लठ्ठ होणारी पिल्लं व्हायची, त्याऐवजी तपकिरी पिल्लं जास्त झाली. जनुक तेच, पण आईच्या खाण्यानं त्याचं वागणं बदललं! माणसाचं सगळं इतकं सरळ नसतं, हे खरं. पण एक गोष्ट पक्की आहे. फॉलिक ॲसिडमुळे बाळाच्या मेंदूतले आणि मणक्यातले जन्मजात दोष पुष्कळ टळतात, हे १९९१ साली मोठ्या अभ्यासातून सिद्ध झालं.

आणि मेख इथेच आहे. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत घातला जातो. तेव्हा आपल्याला दिवस गेल्याचंसुद्धा धड कळलेलं नसतं! म्हणून मूल हवं असं ठरलं, की तेव्हापासूनच डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करावी. मळमळत असेल तर तेही त्यांना सांगावं, गोळी परस्पर बंद करू नये. जोडीला पालक, मेथी, चवळी, हरभरे, मूग, शेंगदाणे ताटात असू द्यावेत. भाजी फार शिजवून तिचं पाणी ओतून देऊ नये. बी-१२ साठी दूध, दही, चालत असतील तर अंडी, मासे.

यातलं काहीच महागाचं नाही. अडतं ते आपल्या सवयीपाशी. सगळ्यांची पानं झाली की उरलंसुरलं घरच्या बाईचं. त्या दिवशी निघताना मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, की नातवंडाचं पोषण सुनेच्या ताटातूनच होतंय, तेव्हा आता तिचं पान आधी वाढा. त्या हसल्या, आणि उठून फडताळातली पट्टी काढून सुनेच्या हातात दिली.