नांदूर शिंगोट्याचे भागोजी नाईक व त्यांचे घराणे

सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे हे नाशिक-पुणे रस्त्यावरील गाव. आसपासच्या डोंगरखोऱ्यांत भिल्ल समाजाची वस्ती फार जुनी. इतिहासात नाव राहिलेले भागोजी नाईक ह्याच मातीतले.

भिल्लांच्या पुढाऱ्यास नाईक म्हणत. घाटवाटांची राखण पूर्वापार ह्या नाईकांकडे असे आणि त्याबद्दल त्यांना गावोगावचे हक्क मिळत. पेशवाईच्या अखेरीस दुष्काळ व लुटालुटीने ही घडी विस्कटली. १८०४ साली कोपरगावी बाळाजी लक्ष्मण ह्या सरसुभेदाराने भिल्लांची मोठी कत्तल केली. ती आठवण डोंगरातील घराघरांत राहिली. १८१८ साली इंग्रजी अंमल आला व ज्यांनी वाटा राखल्या, त्यांतील काहींना सरकारने पोलिसांत घेतले.

भागोजी नाईक असेच नगरच्या पोलीस दलात अंमलदार होते. नाशिक जिल्हा १८६९ साली झाला. तोपर्यंत हा मुलूख नगरकडे होता. १८५५ साली दंगा व पोलिसांना अडथळा केल्याच्या आरोपावरून त्यांना कैद झाली. सुटल्यावर वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यावा लागला. तो त्यांनी पाळला. वर्ष सरते न सरते तोच सर्वांनी हत्यारे सरकारजमा करावीत, असा हुकूम सुटला. ज्याच्या पिढ्या हत्याराच्या बळावर गावाची राखण करीत आल्या, त्यास हा हुकूम मानवला नाही. भागोजींनी घर सोडले आणि सुमारे पन्नास साथीदारांसह गावापासून मैलभरावर, रस्ता नजरेत राहील अशी जागा धरली.

४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री शिपाई घेऊन चालून आले. ओढ्याच्या पात्रात चकमक झाली व हेन्री मारले गेले. ह्या बातमीने नाशिक-नगरचे डोंगर पेटले. राहुरीच्या पुथर्जी नाईकांनी शंभरेक भिल्ल उभे केले. त्याच महिन्यात अकोले भागातील शमशेरपूरच्या डोंगरात लढाई झाली. सरकारने कॅप्टन नटॉल यांच्याकरवी कोळी पलटण उभारली. एका डोंगरातील माणसे दुसऱ्या डोंगरातील माणसांवर धाडण्यात आली. ह्या दोन वर्षांत गावे लुटली गेली आणि गरीब रयतेलाही त्याची झळ लागली, हेही सांगितले पाहिजे.

घराण्यावर मोठा घाव पडला तो ५ जुलै १८५९ रोजी. संगमनेरजवळ अंभोरे दऱ्यात नटॉल यांच्या फौजेशी गाठ पडली. दहा जण पडले, त्यांत भागोजींचा मुलगा यशवंत होता. हरजी नाईक कैद झाले. पोटचा मुलगा गेला तरी भागोजी शरण गेले नाहीत. पुढे ऑक्टोबरात कोपरगाव भागातील कोऱ्हाळे गाव लुटले गेले आणि कॅप्टन सूटर पाठलागावर निघाले. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यातच, मिठसागरे येथे, भागोजी नाईक लढता लढता पडले. मुलामागून चार महिन्यांत बापही गेला. पुढाऱ्याबरोबर हा उठावही संपला.

देवळाचा जीर्णोद्धार गावच्या सर्व जातीजमातींच्या हातांनी होतो. ज्या डोंगरकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या ह्या वाटा राखल्या, त्यांचे स्मरण अशा प्रसंगी होणे उचित आहे. भागोजी नाईक व यशवंत ह्या पितापुत्रांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!