न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि गीतेचे दुसरे भाषांतर

आपल्या सारस्वत ज्ञातीस ज्या थोर पुरुषांमुळे भारतभर मान मिळाला, त्यांत न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांची गणना अग्रभागी करावी लागेल. न्यायासन, कायदेमंडळ व विद्यापीठ या क्षेत्रांतील त्यांची कामगिरी ज्ञातिबांधवांस परिचित आहे. परंतु एकच ग्रंथ त्यांनी दोन वेळा भाषांतरित केला, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. आणि त्यांच्या स्वभावाची खरी ओळख तीतच पटते.

तेलंगांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईस झाला. चुलत्यांनी त्यांस दत्तक घेतले. एल्फिन्स्टन कॉलेजात विद्यार्जन करून संस्कृत व इंग्रजी या दोन्ही भाषांवर त्यांनी प्रभुत्व मिळविले आणि १८७२ साली ते हायकोर्टात वकिली करू लागले.

त्या काळी भगवद्गीता इंग्रजीत नव्हती असे नाही. चार्ल्स विल्किन्स यांचे भाषांतर १७८५ सालीच प्रसिद्ध झाले होते. तथापि लोरिन्सर नामक जर्मन पंडिताने १८६९ साली आपल्या भाषांतरासोबत असे मत मांडले की, गीतेतील पुष्कळ विचार ख्रिस्ती धर्मग्रंथातून घेतलेले आहेत. मूळ ग्रंथाच्या स्वत्वाचाच प्रश्न असा उपस्थित झाला. तेलंगांनी १८७५ साली, ऐन पंचविशीत, गीतेचे निर्यमक इंग्रजी पद्यात भाषांतर प्रसिद्ध केले व त्यास विस्तृत निबंध जोडून लोरिन्सर यांच्या मताचे साधार खंडन केले.

एवढ्यावर समाधान मानणे त्यांस सहज शक्य होते. परंतु मॅक्समुल्लर यांच्या संपादकत्वाखाली ऑक्सफर्ड येथून पौर्वात्य धर्मग्रंथांची माला निघू लागली, तेव्हा तीतील गीतेचे काम तेलंगांनी स्वीकारले आणि स्वतःचे पद्य बाजूस ठेवून सारी गीता पुन्हा गद्यात उतरविली. पद्यात छंदासाठी शब्द वळवावा लागतो. गद्यात ती सबब उरत नाही. शंकराचार्य, श्रीधर, मधुसूदन आदी टीकाकारांचे अर्थ त्यांनी टीपांत नमूद केले. सनत्सुजातीय व अनुगीता यांसह हा ग्रंथ १८८२ साली प्रकाशित झाला. त्याच वर्षी ते हंटर शिक्षण आयोगाचे सभासदही होते. गीता इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकानंतरची नव्हे, असे त्यांनी प्रस्तावनेत प्रतिपादिले. हा कालनिर्णय पुढील सर्व विद्वानांनी मान्य केला असे नाही. परंतु त्याचा विचार केल्यावाचून कोणास पुढे जाता आले नाही.

१८८९ साली ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १८९२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. १ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाची ४३ वर्षे नुकतीच पूर्ण झाली असता, ते कालवश झाले.

दुसऱ्याच्या कामातील उणीव दाखविणे सोपे असते. स्वतःच्या, तेही नाव मिळवून दिलेल्या कामास पुन्हा हात घालणे अवघड. विल्किन्स व लोरिन्सर यांच्यानंतर लेखणी उचलण्यास विद्वत्ता पुरेशी होती. आपल्याच पहिल्या भाषांतरानंतर ती पुन्हा उचलण्यास मनाची निराळी थोरवी लागली. आपल्या ज्ञातीतील विद्याव्यासंगी तरुणांनी तेलंगांच्या मानसन्मानांबरोबर हा त्यांचा गुणही सदैव स्मरणात ठेवावा, एवढीच विनंती.