दुपारी दोननंतरचा काफ्का

प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत फ्रान्झ काफ्का १९०८ साली नोकरीला लागला. दुपारी दोनला कचेरी सुटे. लेखन रात्री, घर निजल्यावर. नोकरीनं त्याच्यातल्या लेखकाला छळलं, असं म्हणतात. मी स्वतः बँकेतून निवृत्त झालेला; मला हे अर्धंच पटतं. लाकूड रंधणाऱ्या यंत्रात कामगारांची बोटं कशी तुटतात, याचे अहवाल तो लिहीत असे. यंत्रणेपुढे माणूस किती एकटा, हे त्यानं तिथं रोज पाहिलं असणार.

‘निवाडा’ ही बापलेकाची कथा त्यानं सप्टेंबर १९१२मध्ये एका रात्रीत, एकाच बैठकीत लिहिली. फेलिस बाउअरशी लग्न दोनदा ठरलं, दोनदा मोडलं. त्याला संसारही हवा होता आणि एकांतही.

१९२४मध्ये क्षय घशात उतरला. व्हिएन्नाजवळ किर्लिंगच्या आरोग्यधामात त्याला घास गिळवेना. तशात मुद्रितं आली ‘उपाशी कलावंत’ची! रुचेल असं अन्नच सापडलं नाही म्हणून उपास करणाऱ्या माणसाची ती कथा. अंथरुणावर पडून तो ती तपासत राहिला. ३ जूनला, चाळिसाव्या वर्षी तो गेला. पुस्तक त्यानंतर निघालं.