गुणाढ्य

गुणाढ्य हा प्राचीन भारतातील कथाकार आणि पैशाची भाषेतील 'बृहत्कथा' या लुप्त ग्रंथाचा कर्ता होय. परंपरेनुसार तो प्रतिष्ठान (सध्याचे पैठण) येथील सातवाहन राजाचा मंत्री होता. त्याचा काळ निश्चित नाही; मात्र बाणभट्टाने ७ व्या शतकात बृहत्कथेचा उल्लेख केला असल्याने तो त्यापूर्वीचा ठरतो. वेताळकथांची परंपरा त्याच्या नावाशी जोडली जाते.

आख्यायिका

गुणाढ्याचे चरित्र मुख्यतः सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तून कळते. त्यानुसार तो पार्वतीच्या शापाने मनुष्यजन्मास आलेला माल्यवान नावाचा शिवगण होता. जलक्रीडेत राणीने पाणी उडवू नये असे संस्कृतात सांगितले असता संधी न उमगल्याने राजाने मोदक मागवले व तो हास्यास्पद ठरला. त्याला व्याकरण शिकवण्यास गुणाढ्याने ६ वर्षे, तर शर्ववर्म्याने ६ महिने मागितले. शर्ववर्मा यशस्वी झाल्यास संस्कृत, प्राकृत व देशभाषा सोडण्याची प्रतिज्ञा गुणाढ्याने केली होती. ती पाळून तो मौन धरून विंध्यारण्यात गेला.

तेथे तो पिशाचांची भाषा शिकला. काणभूती नावाच्या पिशाचाकडून ऐकलेल्या कथा त्याने ७ वर्षांत ७ लाख श्लोकांत रचल्या. अरण्यात शाई नसल्याने त्याने त्या स्वतःच्या रक्ताने लिहिल्या. भाषा पिशाचांची आणि लेखन रक्ताचे म्हणून राजाने ग्रंथ नाकारला. तेव्हा गुणाढ्य एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला. वन्य पशू चरणे सोडून अश्रू ढाळीत ऐकत राहिले. त्यांच्या शुष्क मांसाने राजा आजारी पडला आणि कारण शोधीत तेथे पोहोचला. तोवर ६ लाख श्लोक जळाले होते. उरलेला १ लाख श्लोकांचा भाग राजाला देऊन गुणाढ्याने देह ठेवला.

नेपाळमाहात्म्यात हीच कथा वेगळ्या तपशिलांसह येते. तेथे त्याचे जन्मस्थान मथुरा आहे.

वेताळकथा

बृहत्कथेची मूळ संहिता आज उपलब्ध नाही. काश्मीरमध्ये ११ व्या शतकात क्षेमेंद्राने 'बृहत्कथामंजरी' व सोमदेवाने 'कथासरित्सागर' या रूपांत ती संस्कृतात आणली. या दोन्ही ग्रंथांत वेताळाच्या २५ कथा आहेत. सोमदेवाच्या कथेतील राजा त्रिविक्रमसेन गोदातीरावरील प्रतिष्ठानचाच आहे. एका भिक्षूच्या सांगण्यावरून तो रात्री स्मशानातील झाडावर लटकणारे प्रेत खांद्यावर वाहून नेतो आणि त्यात शिरलेला वेताळ त्याला कोडी घालतो. बुधस्वामीच्या 'बृहत्कथाश्लोकसंग्रहा'त मात्र या कथा नाहीत; त्यामुळे त्या गुणाढ्याच्या मूळ ग्रंथात होत्या याबद्दल अनेक अभ्यासक साशंक आहेत.

पुढील काळात या कथांचा नायक उज्जयिनीचा विक्रम झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी 'वेताळपंचविशी' १८३० मध्ये प्रसिद्ध झाली. रिचर्ड बर्टन याने १८७० मध्ये यांतील निवडक कथा 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' या नावाने इंग्रजीत आणल्या. युरोपीय व्हॅम्पायर रक्तपिपासू असतो. सोमदेवाचा वेताळ मात्र अखेरीस भिक्षूचा कपटी बेत उघड करून राजाचे प्राण वाचवतो.