विश्लेषण : मुलांची हाडे नेमकी कुठून वाढतात? जॉन हंटर यांनी ते कसे शोधले?

लहान मुलाचे हाड मोडले की डॉक्टर हाडाच्या टोकाजवळचा भाग बारकाईने तपासतात. तिथे कूर्चेची पातळ चकती, म्हणजे ग्रोथ प्लेट असते. हाडाची लांबी टोकांकडेच वाढते, हे लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी अठराव्या शतकात प्रयोगाने दाखवले.

हंटर कोण होते?

१७२८ मध्ये स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइडजवळ जन्मलेले हंटर दहा भावंडांत धाकटे. शाळेत ते रमले नाहीत. १७४८ मध्ये ते थोरले भाऊ विल्यम यांच्या लंडनमधील शरीररचनेच्या वर्गात मदतनीस झाले. पुढे लष्करात आणि १७६८ पासून सेंट जॉर्ज रुग्णालयात ते शल्यचिकित्सक होते. देवीच्या लशीचे जनक एडवर्ड जेन्नर हे त्यांचे शिष्य.

प्रयोग काय होता?

हंटर यांनी डुकराच्या पिल्लाच्या पायाच्या हाडात दोन भोके पाडून शिशाचे छर्रे बसवले. पिल्लू वाढले, हाड लांबले, पण छर्‍यांमधील अंतर तेवढेच राहिले. म्हणजे हाड मधून ताणले जात नाही, टोकांकडे भर पडते. स्टीफन हेल्स यांनी कोंबडीच्या पिल्लावर आधी असाच प्रयोग केला होता.

वाद कोणता?

साडेसात फुटांहून उंच चार्ल्स बर्न यांना मृत्यूनंतर समुद्रात दफन हवे होते. १७८३ मध्ये ते वारले, तेव्हा हंटर यांनी पैसे चारून मृतदेह मिळवला आणि सांगाडा संग्रहालयात ठेवला. पुढे १९०९ मध्ये कवटीच्या तपासणीत पीयूष ग्रंथीचा विकार आढळला. ग्रोथ प्लेट बंद होण्याआधी वाढीचे संप्रेरक जास्त झाले, तर उंची अशी बेसुमार वाढते. २०२३ मध्ये पुन्हा उघडलेल्या हंटेरियन संग्रहालयात हा सांगाडा मांडलेला नाही.

आज उपचार कसे होतात?

हंटर १७९३ मध्ये रुग्णालयाच्या बैठकीतील वादावादीनंतर कोसळून वारले. त्यानंतर १९६३ मध्ये टोरंटोच्या सॉल्टर आणि हॅरिस यांनी या दुखापतींचे पाच प्रकार पाडले. पहिल्या दोन प्रकारांत बहुधा हाड हलक्या हाताने बसवून प्लास्टर पुरते. तिसऱ्या-चौथ्यात चीर सांध्यापर्यंत जाते, त्यामुळे तुकडे तंतोतंत जुळवावे लागतात आणि अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. पाचव्यात चकती चिरडते. ते पहिल्या एक्स-रेत दिसेलच असे नाही. वाढ थांबली तर हात-पाय आखूड किंवा वाकडा होऊ शकतो. म्हणून प्लास्टर निघाल्यावरही काही महिने तपासणी चुकवू नये.