अनायरिन बेव्हन

अनायरिन बेव्हन (१५ नोव्हेंबर १८९७ – ६ जुलै १९६०) हे ब्रिटनच्या मजूर पक्षाचे वेल्श नेते आणि तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेचे शिल्पकार होते.

बालपण

बेव्हन यांचा जन्म दक्षिण वेल्समधील सिरहॉवी नदीच्या खोऱ्यात, ट्रेडिगर या गावी एका खाणकामगाराच्या घरी झाला. दहा भावंडांपैकी ते एक होते. कोळशाबरोबर खाणीतून निघणारी टाकाऊ दगडमाती जवळच्या डोंगरउतारांवर टाकली जाई. त्यामुळे दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांतील वस्त्यांभोवती काळे ढिगारे उभे राहिले होते. संपामुळे वेतन थांबले की कामगारांची कुटुंबे याच ढिगाऱ्यांतून घरच्या शेगडीसाठी कोळशाचे तुकडे वेचत. अशा परिसरात वाढलेले बेव्हन लहानपणी अडखळत बोलत असत. वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सोडून ते खाणीत कामाला लागले. पुढे गावातील कामगार वाचनालयाने त्यांना वाचनाची गोडी लावली. १९१९ मध्ये खाणकामगार संघटनेच्या साहाय्याने ते लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात शिकण्यास गेले.

आरोग्यविषयक विचारांची जडणघडण

खाणीतील धुळीमुळे जडलेल्या फुप्फुसांच्या विकाराने त्यांचे वडील १९२५ मध्ये निधन पावले. हा विकार तेव्हा कायद्याने व्यवसायजन्य मानला जात नसल्याने कुटुंबास भरपाई मिळाली नाही. मात्र याच गावात कामगारांनी वेतनातून नियमित वर्गणी देऊन चालविलेली वैद्यकीय साहाय्य संस्था होती. तिच्यामार्फत सभासदांना व त्यांच्या कुटुंबीयांना उपचार मिळत. बेव्हन यांच्या राष्ट्रीय योजनेमागे या संस्थेचा आदर्श होता.

राजकीय कार्य

१९२९ मध्ये ते एबू व्हेल मतदारसंघातून संसदेवर निवडून आले व अखेरपर्यंत तेथील प्रतिनिधी राहिले. १९४५ मध्ये ते आरोग्यमंत्री झाले. डॉक्टरांच्या संघटनेचा तीव्र विरोध असूनही ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. रुग्णालये सरकारी मालकीची झाली आणि मुख्यतः करांच्या उत्पन्नातून सर्वांना विनामूल्य उपचार मिळू लागले. १९५१ मध्ये कवळ्या व चष्म्यांवर शुल्क आकारण्याचे ठरताच त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

निधन व स्मारक

१९६० मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ट्रेडिगरजवळच्या डोंगरमाथ्यावर, जेथे ते मतदारांच्या सभा घेत, तेथे त्यांच्या स्मरणार्थ चार शिळा उभारल्या आहेत. मधली मोठी शिळा बेव्हन यांची असून इतर तीन एबू व्हेल, ऱ्हिम्नी व ट्रेडिगर या गावांच्या आहेत.